पाटाच्या काठावरचे पदार्थविज्ञान

बल, घनता आणि गती : विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा या गावाने आपल्या नावातच नदी बाळगली आहे. प्रवरेचा उगम येथून पुष्कळ दूर, अकोले तालुक्यात, सह्याद्रीतील रतनगडाच्या परिसरात होतो. भंडारदरा येथे अडविलेले तिचे पाणी रंधा धबधबा, निळवंडे, अकोले आणि संगमनेर असा प्रवास करीत ओझरच्या बंधाऱ्यापाशी येते. तेथून ते डाव्या व उजव्या कालव्यांनी शेतीकडे वळते. आवर्तन सुटले, पाटाला पाणी आले, की शिवारात एकच लगबग उडते. कोणी खोरे घेऊन दारे धरावयास जातो, कोणी चारीतील गवत काढतो, तर कोणी आपली पाळी केव्हा येणार याची चौकशी करतो.

अशा गावातील विद्यार्थ्यास ‘बल म्हणजे काय?’ असे विचारले, तर तो पाठ्यपुस्तकातील व्याख्या अचूक म्हणून दाखवितो. परंतु ‘तुमच्या शेतचारीतून तासाभरात किती पाणी येते?’ असा प्रश्न केला, की तो घुटमळतो. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याकरिताच पहिला प्रश्न शिकावयाचा असतो. बल, घनता आणि गती हे परीक्षेपुरते शब्द नव्हेत. किती जोराने, किती जड आणि किती वेगाने, या तीन रोजच्या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देण्याची ती साधने आहेत. या पाठात आपण भंडारदऱ्यापासून शेतचारीपर्यंत पाण्याच्या सोबतीने जाऊ आणि ही साधने हाताळून पाहू.

धरण कोणाशी झुंजते?

ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल लावणे होय. बलामुळे स्थिर वस्तू हलते, हलणारी थांबते, तिची दिशा बदलते किंवा तिचा आकार बदलतो. परंतु दोन बले परस्परविरुद्ध व सारखी असतील, तर वस्तू जागची हलत नाही. रस्सीखेचीत दोन्ही संघ तोलाचे असले म्हणजे दोर जसा मध्येच थबकतो, तसेच हे आहे. म्हणून एखादी वस्तू स्तब्ध उभी दिसली, तर तिच्यावर बलच नाही असे समजू नये. तेथे बलांचा समतोल आहे, एवढेच त्यावरून ठरते.

भंडारदऱ्याचे धरण हे या समतोलाचे भव्य उदाहरण आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या या दगडी धरणास मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव देण्यात आले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर असून जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. लोकांच्या बोलण्यात हेच माप ‘अकरा टीएमसी’ असे येते.

आता प्रश्न असा की, एवढ्या अफाट पाण्याचा सगळा भार धरणाच्या भिंतीवर पडतो काय? बहुतेक विद्यार्थी ‘होय’ असे उत्तर देतात. परंतु ते बरोबर नाही. पाण्याचा दाब पाण्याच्या साठ्यावर अवलंबून नसतो, तो केवळ खोलीवर अवलंबून असतो. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम, म्हणजे एक टन असते. म्हणून एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन वजनाएवढा दाब असतो, दहा मीटर खोलीवर तो दहा टनांएवढा होतो आणि ८० मीटर खोलीवर ८० टनांएवढा. जलाशय मैलोगणती पसरलेला असो वा भिंतीलगत एखाद्या अरुंद चरात तेवढ्याच खोलीचे पाणी उभे असो, भिंतीवरील दाब सारखाच राहतो.

हिशेब थोडा पुढे नेऊ. धरणाच्या भिंतीचा केवळ एक मीटर रुंदीचा उभा पट्टा घ्या आणि पाण्याची खोली ८० मीटर धरा. पृष्ठभागावर पाण्याचा दाब शून्य आणि तळाशी ८० टन, म्हणून सरासरी दाब ४० टन. पट्ट्याचे क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे ३२०० टन वजनाएवढे बल येते. एका मीटर रुंदीस एवढे बल! भिंत तळाशी रुंद आणि माथ्याकडे निमुळती का बांधतात, हे यावरून स्पष्ट होईल. जेथे दाब अधिक तेथे जाडी अधिक.

या बलाला भिंत कशाच्या जोरावर तोंड देते? प्रामुख्याने स्वतःच्या वजनाच्या. एक घनमीटर दगडी बांधकामाचे वजन सुमारे अडीच टन भरते. हे वजन भिंतीला खाली पायावर दाबून धरते आणि त्यामुळे ती सरकत नाही, उलथतही नाही. अशा धरणांना भारस्थायी किंवा गुरुत्वीय धरणे म्हणतात. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पाण्याला डोंगरावरून खाली आणते आणि तेच गुरुत्वाकर्षण पाण्याला अडविणारी भिंतही जागेवर रोखून धरते.

हा समतोल गृहीत धरून चालत नाही. १९६९ साली या धरणाच्या बांधकामात तडे आढळून आले. पुढील काही वर्षांत धरणाच्या खालच्या अंगास भक्कम आधारभिंती बांधून ते बळकट करण्यात आले. तड्याचे भय केवळ गळतीपुरते नसते. तड्यात शिरलेले पाणी वरच्या बांधकामास वरच्या दिशेने रेटू लागते आणि भिंतीचे जे वजन हाच तिचा आधार, त्यातील काही भाग हिरावून घेते. पाण्याचा हा वर ढकलण्याचा गुण नीट समजून घ्यावयाचा, तर आपल्याला धरणावरून विहिरीच्या काठावर यावे लागेल.

विहिरीतील बादली आणि बियाण्यातील पारख

विहिरीतून पाणी शेंदताना बादली पाण्यात बुडालेली असते तोवर हलकी वाटते. ती पाण्याबाहेर येताच हाताला एकदम ओढ बसते. हा अनुभव कोणाला नाही? पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते आणि वस्तूने जेवढे पाणी बाजूला सारले असेल, त्या पाण्याच्या वजनाएवढेच हे बल असते. सिरॅक्यूज नगरीतील आर्किमिडीज याने हा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शोधून काढला. या बलास प्लावक बल म्हणतात.

शाळेत स्प्रिंगकाटा असल्यास पुढील प्रयोग अवश्य करावा. शिवारातला एक काळा दगड सुतळीने काट्याला टांगा. समजा, त्याचे वजन २.८ किलो भरले. आता तो दगड बादलीतील पाण्यात, तळाला न टेकेल अशा बेताने, पूर्ण बुडवा. काटा १.८ किलो दाखवील. एक किलोची घट कोठे गेली? तेवढ्या वजनाएवढे बल पाण्याने लावले. म्हणजे दगडाने एक किलो, अर्थात एक लिटर पाणी बाजूला सारले. दगडाचे आकारमान एक लिटर आणि वस्तुमान २.८ किलोग्रॅम, म्हणून त्याची घनता दर लिटरला २.८ किलोग्रॅम. वस्तुमानास आकारमानाने भागले असता जी राशी येते तीच घनता. सह्याद्रीतील बेसॉल्ट खडकाची घनता साधारण एवढीच असते. वेड्यावाकड्या दगडाचे आकारमान मोजपट्टीने काढता आले नसते. ते पाण्याने काढून दिले.

वस्तू तरंगणार की बुडणार, हे तिच्या वजनावर ठरत नाही. मणभर वजनाचा लाकडी ओंडका तरंगतो आणि गुंजभर खडा बुडतो. वस्तूची घनता द्रवाच्या घनतेपेक्षा कमी असेल तर ती तरंगते, अधिक असेल तर बुडते. शेतकऱ्याला हा नियम फार मोलाचा आहे. बाजरीवर अरगट नावाचा बुरशीजन्य रोग पडतो. कणसात दाण्याच्या जागी काळपट, विषारी ग्रंथी तयार होतात आणि त्या बियाण्यात मिसळल्यास पुढील पिकालाही रोग जडतो. एकेक ग्रंथी हाताने वेचणे अशक्य. म्हणून कृषिशास्त्राने सांगितलेला उपाय असा : दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकावे व ढवळावे. रोगट ग्रंथी आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून नष्ट करावेत. तळाशी बसलेले निरोगी बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि मग पेरावे.

यातील मर्म काय? साध्या पाण्याची घनता दर लिटरला एक किलोग्रॅम. या मिठाच्या पाण्याची सुमारे १.१२. रोगट ग्रंथी व पोचट दाणे या द्रावणाहून हलके ठरतात आणि सकस दाणा त्याहून जड ठरतो. साध्या पाण्याला जे वेगळे करणे साधत नाही, ते दोन किलो मीठ करून दाखविते. राहुरी येथे १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. तेव्हापासून या परिसराला कृषिसंशोधनाचा शेजार लाभला आहे; परंतु हा प्रयोग कोणत्याही घरच्या घमेल्यात होऊ शकतो.

घनतेचा दुसरा उपयोग दूध संकलन केंद्रावर दिसतो. तेथे दुधात सोडला जाणारा लॅक्टोमीटर हा घनताच सांगतो. निर्भेळ दुधाची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, दर लिटरला १.०३ किलोग्रॅमच्या आसपास असते. पाणी मिसळले की ती घटते. मात्र येथे एक सावधगिरीचा धडा आहे. साय ही दुधापेक्षा हलकी असल्याने ती काढून घेतली असता उरलेल्या दुधाची घनता वाढते. मग त्यात थोडे पाणी घातले, तर घनता पुन्हा पूर्ववत दिसू लागते! म्हणूनच दुधातील स्निग्धांश निराळा तपासावा लागतो. एका मापाने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. त्याच्यावर त्याहून अधिक विसंबणे हे विज्ञान नव्हे.

आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाशी संबंधित आहे. मनुष्याच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळपास असते. छातीत श्वास भरून घेतला तर ती किंचित कमी, श्वास सोडला तर किंचित जास्त. म्हणजे तरंगणे आणि बुडणे यांत एका श्वासाचे अंतर आहे. पोहणे शिकताना पाठीला रिकामा हवाबंद डबा बांधण्याची रीत खेड्यापाड्यांतून चालत आली आहे. पाच लिटरचा, अर्धा किलो वजनाचा डबा पूर्ण बुडाला असता साडेचार किलो वजनाएवढा आधार देतो. परंतु डब्याला बारीक छिद्र असेल, तर पाणी आत शिरते आणि आधार क्षणाक्षणाने घटत जातो. म्हणून डबा बांधण्यापूर्वी तो पाण्याखाली दाबून बुडबुडे निघतात काय, हे पाहावे. आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून पाण्यात कदापि उतरू नये.

पाणी धावत का सुटत नाही?

आता पुन्हा पाटाकडे वळू. भंडारदऱ्याच्या जलाशयापासून देवळाली प्रवरेपर्यंत पाणी सुमारे दोनशे मीटर खाली उतरते. दोनशे मीटर उंचीवरून एखादा दगड मोकळा सोडला आणि हवेचा विरोध नाही असे मानले, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी २२५ किलोमीटरच्या घरात जाईल. गुरुत्वाकर्षणाने दर सेकंदास त्याचा वेग सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढत जातो. वेगातील या वाढीस त्वरण म्हणतात. पाणीही तेवढेच उतरून आले आहे. मग ते आपल्या पाटातून आगगाडीच्या वेगाने का धावत नाही? काठाने चालणाऱ्या मुलालाही त्याच्या बरोबरीने जाता येते, ते कसे?

याचे उत्तर घर्षण होय. नदीचे खडकाळ पात्र, बंधारे, कालव्याचा तळ व काठ, आणि पाण्याचेच एकमेकांवरून सरकणारे थर, हे सर्व पाण्याला मागे ओढतात. उताराने मिळणारे बल पाण्याला पुढे नेते, घर्षण त्याला अडविते. ही दोन बले सारखी झाली की पाण्याचा वेग वाढतही नाही आणि घटतही नाही. ते एका चालीने वाहत राहते. न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा पहिला नियम हाच आहे. वस्तूवरील बलांचा समतोल असेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. धरणाची निश्चल भिंत आणि पाटाचे संथ पाणी ही एकाच नियमाची दोन रूपे आहेत.

चारीत गवत व गाळ साचला की घर्षण वाढते. पाण्याची चाल मंदावते, मागील पाण्याची पातळी चढते आणि ते काठावरून फुटते किंवा मुरून जाते. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत मग पुरेसे पाणी पोहोचतच नाही. चारी स्वच्छ ठेवा, असे जे वारंवार सांगण्यात येते, त्याच्या मुळाशी हे शास्त्र आहे.

पाणी मोजण्याचा प्रयोग

हा प्रयोग शिक्षक किंवा पालक यांच्यासमवेत, गुडघ्याहून उथळ अशा शेतचारीवरच करावा. मुख्य कालव्यावर तो करू नये. कालव्याच्या खोल पाण्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की पायांना बसणारा रेटा चौपट होतो आणि शेवाळलेल्या काठावर पाय टिकत नाही.

चारीचा सरळ, सारख्या रुंदीचा २० मीटरचा भाग निवडून दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. वरच्या खुंटीच्या थोडे अलीकडे लाकडाचा लहान ठोकळा पाण्यात सोडा. तो पहिल्या खुंटीपासून दुसरीपर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात, ते घड्याळावर पाहा. हे तीन वेळा करावे. समजा, ३८, ४० आणि ४२ सेकंद लागले. सरासरी ४० सेकंद. अंतरास वेळेने भागले म्हणजे चाल मिळते : २० भागिले ४०, म्हणजे सेकंदास अर्धा मीटर. येथे चाल आणि वेग यांतील भेदही ध्यानात घ्यावा. सेकंदास अर्धा मीटर ही चाल झाली. पूर्वेकडे सेकंदास अर्धा मीटर, असे दिशेसह सांगितले म्हणजे तो वेग झाला.

तळ व काठ यांच्या घर्षणामुळे सर्व पाणी पृष्ठभागाइतके जलद जात नाही. म्हणून या चालीस सुमारे ०.८ ने गुणावे, ०.४ उरतात. चारीची सरासरी रुंदी ६० सेंटिमीटर आणि पाण्याची सरासरी खोली २० सेंटिमीटर असल्यास छेदाचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर झाले. ०.१२ गुणिले ०.४ बरोबर ०.०४८ घनमीटर. अर्थात दर सेकंदास ४८ लिटर पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे २८.३ लिटर, तेव्हा आपल्या चारीतून सुमारे १.७ क्युसेक पाणी वाहत आहे. तासाभरात ते १,७२,८०० लिटर भरते आणि एका एकरावर सारखे पसरले तर सव्वाचार सेंटिमीटरांहून थोडे अधिक उंच उभे राहते.

आता हेच माप चारीच्या मुखाशी आणि शेवटच्या टोकाशी, मधली दारे बंद असताना, दोन ठिकाणी घ्या. मुखाशी ४८ आणि शेवटी ३६ लिटर आले, तर सेकंदाला १२ लिटरांची तूट आहे; ताशी ४३,२०० लिटरांची. हे पाणी झिरपले की काठ फुटून गेले, हे मग चारीच्या काठाने चालत शोधता येते. ‘आम्हाला पाणी कमी येते’ ही तक्रार आहे. ‘मुखाशी ४८ आणि आमच्याकडे ३६ लिटर येते’ हे निवेदन आहे. पहिल्यावर वाद होतो, दुसऱ्यावर विचार करावा लागतो. पाण्याच्या वाटपात न्याय हवा असेल तर प्रथम माप हवे, आणि हे माप आठवी-नववीतील विद्यार्थी घेऊ शकतो.

उसाची गाडी आणि जडत्व

पाण्यावर पिकलेला ऊस गळीत हंगामात रस्त्यावर येतो, तेव्हा गतीचा आणखी एक धडा आपल्यासमोरून जातो. भरलेली बैलगाडी जागची हलविताना बैलांना मान घालून जोर करावा लागतो. एकदा चालू लागली की तेवढा जोर लागत नाही. वस्तू आहे त्या स्थितीत राहू पाहते. या गुणास जडत्व म्हणतात आणि वस्तुमान जेवढे अधिक तेवढे जडत्व अधिक. आसाला वंगण घातल्याने घर्षण कमी होते, जडत्व मात्र तसेच राहते.

हेच जडत्व भरलेल्या ट्रॉलीला थांबविताना आडवे येते. एखादे वाहन ब्रेक लावल्यावर सेकंदागणिक ४ मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावते, असे धरा. ताशी २० किलोमीटर वेग असल्यास ते सुमारे ४ मीटरांत थांबेल. ताशी ४० असल्यास १५ मीटरांहून अधिक अंतर लागेल. वेग दुप्पट, अंतर चौपट! शिवाय चालकाने धोका पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत गेलेले अंतर निराळेच. ट्रॉली क्षमतेहून अधिक भरली, तर ब्रेकला अधिक वस्तुमान आवरावे लागते आणि अंतर आणखी वाढते. म्हणून सायकलीवरून शाळेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी उसाच्या वाहनापुढून घाईने रस्ता ओलांडू नये. चालक कितीही दक्ष असला, तरी जडत्व त्याचे ऐकत नाही.

समारोप

भंडारदऱ्याच्या भिंतीपासून शेतचारीतील लाकडी ठोकळ्यापर्यंत आपण जे पाहिले, त्यास महागडी उपकरणे लागली नाहीत. एक स्प्रिंगकाटा, सेकंद दाखविणारे घड्याळ, मोजपट्टी, सुतळी, दोन किलो मीठ आणि वही एवढ्यावर भागले. शिक्षकांनी पुढील आवर्तनाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना एखाद्या शेतचारीवर न्यावे, त्यांच्याकडून तीन-तीन वेळा मापे घेववावीत आणि ती तारखेसह नोंदवून ठेवावीत. वर्षावर्षाची अशी नोंदवही शाळेत साठत गेली, तर गावाच्या पाण्याचा एक विश्वसनीय दप्तर तयार होईल. पाणी आपल्या वाडवडिलांनीही वापरले आणि आपणही वापरतो. ते किती आले, किती पोहोचले आणि किती वाया गेले, हे सांगणारी पिढी मात्र शाळेतूनच घडवावयाची आहे.